सेफ्ट्रिॲक्सोन पाठीच्या पाण्यात जेमतेम उतरतं, तरी तेच का? आणि ताप गेल्यावर डोस का उतरवायचा नाही?

प्रश्न एका रेसिडेंट डॉक्टरचा आहे. बॅक्टेरियल मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झालेल्या पेशंटला सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक चालू आहे. पुस्तकातल्या तक्त्यात हे औषध मेरुद्रवात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात (सीएसएफ), फार तर 5 ते 15 टक्के उतरतं असं दिलंय. त्याच तक्त्यात लिनेझोलिड 70 टक्क्यांच्या वर आहे आणि मेट्रोनिडॅझोल 90 च्या आसपास. मग जास्त उतरणारं सोडून कमी उतरणारं का द्यायचं? दुसरा प्रश्न त्यालाच जोडून: चौथ्या दिवशी ताप गेला, पेशंट नीट बोलायला लागला, तर डोस निम्मा का करू नये, किंवा गोळी देऊन घरी का पाठवू नये?

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी तो टक्का आहे. रक्तातल्या औषधापैकी किती भाग पलीकडे गेला एवढंच टक्का सांगतो. पलीकडे पोचलेलं औषध त्या जंतूला मारायला पुरेसं आहे का, हे तो सांगत नाही. उपचार ठरतो तो या दुसऱ्या गोष्टीवर.

आधी अडथळा काय आहे ते पाहू. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्या फटीतून औषध सहसा जात नाही. जिथे मेरुद्रव तयार होतो त्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये रक्तवाहिन्या तशा सच्छिद्र असतात, पण त्यांच्यावरचा पेशींचा थर तितकाच घट्ट असतो. त्यामुळे औषधाला जायचं तर पेशीतूनच जावं लागतं, आणि ते जमतं लहान रेणूच्या, चरबीत विरघळणाऱ्या, प्रथिनांना फारशा न चिकटणाऱ्या औषधाला. मेट्रोनिडॅझोल, क्लोरॅम्फेनिकॉल, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या वर्गातली. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, व्हॅन्कोमायसिन, जेंटामायसिन ही पाण्यात विरघळणारी, त्यामुळे बाहेरच अडतात. त्यात भर म्हणजे जे थोडं आत शिरतं तेही टिकत नाही. मोठ्या माणसात मेरुद्रव साधारण 150 मिलिलिटर असतो आणि दिवसाला 500 मिलिलिटर नव्याने तयार होतो. म्हणजे दिवसातून तीनदा तो बदलला जातो आणि औषधही त्याबरोबर वाहून जातं. शिवाय कोरॉइड प्लेक्ससमधले पंप पेनिसिलिनसारखं औषध उचलून पुन्हा रक्तात टाकतात. प्रोबेनेसिड दिलं की पेनिसिलिनची मेरुद्रवातली पातळी वाढते, त्यामागे हे पंप बंद पडणं हेच मोठं कारण आहे.

ही अडचण पेनिसिलिनइतकीच जुनी आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी स्ट्रेप्टोकॉकल मेनिंजायटिसच्या एका रुग्णाला ऑक्सफर्डचे संशोधक हॉवर्ड फ्लोरी यांच्याकडून मिळालेलं पेनिसिलिन स्नायूतून द्यायला सुरुवात केली. रुग्ण सुधारला, पण पूर्ण बरा होईना. फ्लेमिंग यांनी पाठीतलं पाणी काढून तपासलं, तर त्यात पेनिसिलिन जवळजवळ नव्हतंच. मग त्यांनी ते सरळ पाठीतून मेरुद्रवातच दिलं आणि रुग्ण वाचला. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांनी मधल्या टप्प्यावर केलेली तपासणी. औषध चालू आहे म्हणजे ते जागेवर पोचलंय, हे त्यांनी गृहीत धरलं नाही.

पुढे पेनिसिलिन मुबलक झालं आणि शिरेतून प्रचंड डोस देऊन तेच काम व्हायला लागलं, कारण मेनिंजायटिसमध्ये हा अडथळाच ढिला पडतो. सूज आली की पेशींमधले घट्ट सांधे सुटतात, पंप मंदावतात, मेरुद्रवाचा प्रवाहही संथ होतो. निरोगी माणसात पेनिसिलिन मेरुद्रवात 2 टक्क्यांच्या आसपास जातं, सूज असताना ते 20 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. सेफ्ट्रिॲक्सोनचं सूज नसताना 1 टक्क्याहूनही कमी असतं. व्हॅन्कोमायसिन, मेरोपेनेम दोन्ही सूज असताना साधारण 30-40 टक्क्यांपर्यंत जातात. लिनेझोलिड, मेट्रोनिडॅझोल यांना मात्र सूज असली-नसली तरी फारसा फरक पडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

आता पहिल्या प्रश्नाचा हिशोब मांडू. मेरुद्रवात शरीराची स्वतःची फौज जवळजवळ नसते. अँटिबॉडी कमी, कॉम्प्लिमेंट (जंतू मारायला मदत करणारी रक्तातली प्रथिनं) कमी, पांढऱ्या पेशी धावून येतात पण जंतू गिळण्याचं काम त्यांना तिथे नीट जमत नाही. न्यूमोनियात किंवा त्वचेच्या जंतुसंसर्गात औषधाने जंतूची वाढ रोखली तरी उरलेलं काम शरीर करतं. इथे तसं होत नाही. जंतू औषधानेच मारावे लागतात, आणि तेही लवकर. सशांवरच्या प्रयोगांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: बीटा-लॅक्टम औषधाची (पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेम या वर्गातली) मेरुद्रवातली पातळी त्या जंतूला मारायला लागणाऱ्या किमान पातळीच्या 10 ते 20 पट गेली, तरच मेरुद्रव झपाट्याने निर्जंतुक होतो. नुसती पातळी गाठून भागत नाही.

सेफ्ट्रिॲक्सोन 2 ग्रॅम शिरेतून दिलं की रक्तातली सर्वोच्च पातळी लिटरला साधारण 250 मिलिग्रॅम जाते. त्यातला 85 ते 95 टक्के भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, म्हणून पलीकडे थोडं जातं. पण मेरुद्रवात प्रथिनं कमी, त्यामुळे जे गेलं ते बहुतेक मोकळं, कामाचं. समजा लिटरला 5 मिलिग्रॅम पोचलं. मेनिंजायटिसच्या नेहमीच्या जंतूंपैकी एक असलेल्या संवेदनशील न्यूमोकॉकससाठी एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान पातळी, लिटरला 0.06 मिलिग्रॅम धरली तर हे 80 पट झालं. मेनिंगोकॉकससाठी तर एमआयसी याहून कितीतरी खाली असते. आता लिनेझोलिड घ्या. रक्तात 15 ते 20, मेरुद्रवात त्याच्या 70 टक्के धरले तर 10 ते 14. आकडा सेफ्ट्रिॲक्सोनपेक्षा मोठा दिसतो. पण लिनेझोलिडची न्यूमोकॉकसवरची एमआयसी 1 च्या आसपास असते, म्हणजे ही 10-14 पट झाली, आणि तीही सर्वोच्च पातळीला, पुढचा डोस येईपर्यंत ती उतरत जाणार. स्टॅफिलोकॉकस आणि एन्टेरोकॉकसवर तर लिनेझोलिड फक्त वाढ रोखतं, मारत नाही. लिनेझोलिड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. व्हॅन्कोमायसिन चालत नसलेल्या, शंट (मेंदूतलं साचलेलं पाणी वाहून नेणारी नळी) बसवलेल्या पेशंटमध्ये त्याने चांगलं काम केलेलं मी पाहिलंय. पण नेहमीच्या मेनिंजायटिसमध्ये त्याला पहिली जागा टक्क्याच्या जोरावर देता येत नाही. मेट्रोनिडॅझोलचा प्रश्न तर उद्भवतच नाही, न्यूमोकॉकस किंवा मेनिंगोकॉकसवर ते चालतच नाही.

नुसतं भरपूर उतरणं पुरेसं नसतं याचं उत्तम उदाहरण क्लोरॅम्फेनिकॉल. सूज नसतानाही हे मेरुद्रवात 60-70 टक्के जातं. मेनिंगोकॉकस, न्यूमोकॉकस, हिमोफिलस या तिघांना ते मारतं, आणि म्हणूनच अनेक वर्षं ते मेनिंजायटिसचं खंदं औषध होतं. पण ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या आतड्यातल्या जंतूंवर ते फक्त वाढ रोखतं. या जंतूंच्या मेनिंजायटिसमध्ये ते वापरलं तेव्हा पातळी भरपूर असूनही निकाल फार वाईट लागले. तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन्स आली, टक्क्यात कितीतरी मागे असलेली, आणि त्यांनी ते पेशंट वाचवले.

एकाच वर्गातल्या दोन औषधांतही हा फरक दिसतो. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या मेनिंजायटिसमध्ये सेफ्ट्रिॲक्सोन आणि सेफ्युरोक्झिमची तुलना झाली. दोन्ही मेरुद्रवात जातात, दोन्ही गटांत मुलं बरी झाली. पण दीड दिवसाच्या आत पाणी पुन्हा काढून पाहिलं तेव्हा सेफ्युरोक्झिम गटातल्या 12 टक्के मुलांच्या पाण्यात जंतू अजून जिवंत होते, सेफ्ट्रिॲक्सोन गटात 2 टक्के. नंतर कान तपासले तर मध्यम ते तीव्र बहिरेपण सेफ्युरोक्झिम गटात 17 टक्के आणि सेफ्ट्रिॲक्सोन गटात 4 टक्के. जंतू दहा-बारा तास जास्त जगला तर त्याची किंमत मुलाचे कान मोजतात. म्हणून मेनिंजायटिसमध्ये 'पेशंट बरा झाला ना' एवढ्यावर मी औषधाची बरोबरी मानत नाही.

आता लॅबच्या रिपोर्टकडे या, कारण घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. न्यूमोकॉकसच्या रिपोर्टवर पेनिसिलिनपुढे एमआयसी 0.5 लिहिलेली असते आणि शेजारी 'सेन्सिटिव्ह' असा शिक्का असतो. न्यूमोनियासाठी तो शिक्का बरोबर आहे, शिरेतून पेनिसिलिन देताना 2 पर्यंतची एमआयसी संवेदनशील धरतात. मेनिंजायटिसमध्ये मात्र मर्यादा 0.06 आहे, 0.12 पासून पुढे जंतू रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा, धरायचा. म्हणजे तोच जंतू, तोच आकडा, पण फुफ्फुसात संवेदनशील आणि मेरुद्रवात रेझिस्टंट. सेफ्ट्रिॲक्सोनचंही तसंच आहे: फुफ्फुसासाठी 1 पर्यंत संवेदनशील, मेनिंजायटिससाठी 0.5 पर्यंतच. कारण वरच्या हिशोबातच आहे. एमआयसी 2 असेल तर 10 पट म्हणजे 20 मिलिग्रॅम मेरुद्रवात सतत हवं, आणि सेफ्ट्रिॲक्सोन तिथवर भरवशाने पोचत नाही. म्हणून जिथे रेझिस्टंट न्यूमोकॉकस आढळतो तिथे कल्चर येईपर्यंत व्हॅन्कोमायसिन जोडीला सुरू करतात. रिपोर्ट आला की शिक्का वाचू नका, आकडा वाचा, आणि नमुना मेरुद्रवाचा होता हे लॅबला माहीत होतं का, ते फोन करून विचारा.

(लिस्टेरिया या जंतूची गोष्टही इथेच सांगून टाकतो. सगळी सेफॅलोस्पोरिन्स लिस्टेरियावर मुळातच निरुपयोगी आहेत, कितीही उतरली तरी. पन्नाशीपुढचा पेशंट, गर्भवती, स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेला पेशंट, यांना पहिल्या डोसपासून ॲम्पिसिलिन 2 ग्रॅम दर चार तासांनी जोडायचं.)

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पहिला प्रश्न पुस्तकात सुटतो आणि दुसरा वॉर्डात पेशंटला भोवतो. चित्र ओळखीचं आहे. चौथ्या-पाचव्या दिवशीच्या राउंडला ताप नाही, मान सैल, पेशंट उठून बसलाय. केसपेपरवर '2 ग्रॅम दर 12 तासांनी' असतं ते '1 ग्रॅम दर 12 तासांनी' होतं. करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण शरीरात काय चाललंय ते पाहा. सूज उतरतेय म्हणजे अडथळा पुन्हा घट्ट होतोय, पंप पुन्हा कामाला लागलेत. पहिल्या दिवशी जितका वाटा आत जात होता तितका आता जात नाही, डोस तोच ठेवला तरी. त्यात डोस निम्मा केला तर दोन्हीकडून घट होते: रक्तातली पातळी अर्धी आणि त्यातून उतरणारा वाटाही कमी. सुधारणेच्या काळातच मेरुद्रवातली पातळी सगळ्यात खाली जाते. म्हणून मेनिंजायटिसमध्ये पूर्ण डोस शेवटच्या दिवसापर्यंत, हा नियम आहे आणि त्यात सवलत नाही. मोठ्या माणसात सेफ्ट्रिॲक्सोन 2 ग्रॅम दर 12 तासांनी, सेफोटॅक्झिम दिवसाला 8 ते 12 ग्रॅम चार ते सहा तासांनी विभागून, मेरोपेनेम 2 ग्रॅम दर 8 तासांनी. मुलांना सेफ्ट्रिॲक्सोन किलोला 100 मिलिग्रॅम रोज, मेरोपेनेम किलोला 40 मिलिग्रॅम दर 8 तासांनी. न्यूमोनियाचा डोस इथे चालत नाही.

गोळीवर का टाकू नये हेही याच हिशोबात बसतं. सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम तोंडाने घेतलं तर रक्तातली सर्वोच्च पातळी 3 ते 5 मिलिग्रॅम. सूज उतरलेल्या अवस्थेत त्यातलं काही टक्के पलीकडे गेलं तरी मेरुद्रवात 0.1 च्या आसपासच काही राहील. 250 वरून आपण 5 वर आलो, आणि तेही दार बंद होत असताना. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये गोळ्या चालतात, कारण आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मेरुद्रवात उत्तम जातात. त्यावरून बॅक्टेरियल मेनिंजायटिसचा निष्कर्ष काढू नका.

किडनी बिघडलेली असेल तेव्हाही घाई होते. मेनिंजायटिसमध्ये पहिल्या दिवशी पूर्ण डोस द्या, मेरोपेनेमसारख्या औषधात किडनीप्रमाणे बदल त्यानंतर करा. सेफ्ट्रिॲक्सोनला तर नुसत्या किडनीच्या आजारासाठी बदलाची गरजच सहसा पडत नाही.

इथे डेक्सामेथासोनचा प्रश्न येतोच. सूज असली तर औषध आत जातं, मग सूज उतरवणारं स्टिरॉइड देऊन आपणच दार लावतो का? शंका रास्त आहे. सशांमध्ये डेक्सामेथासोन दिल्यावर व्हॅन्कोमायसिनचं प्रमाण खरोखर घटलं. तरीही ते द्यायचं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, 301 प्रौढ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात डेक्सामेथासोनमुळे वाईट परिणामाचं प्रमाण 25 टक्क्यांवरून 15 वर आलं, मृत्यू 15 वरून 7 टक्क्यांवर, आणि सगळ्यात मोठा फायदा न्यूमोकॉकसच्या रुग्णांना झाला. मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांमुळे जो दाह भडकतो तो मेंदूला जंतूइतकाच घातक असतो. 10 मिलिग्रॅम दर 6 तासांनी 4 दिवस, पहिला डोस अँटिबायोटिकच्या जरा आधी किंवा बरोबरच. व्हॅन्कोमायसिनची काळजी वाटत असेल तर त्यावरही उपाय आहे: डोस पुरेसा ठेवा. किलोला 15 मिलिग्रॅम सुरुवातीला आणि मग किलोला 60 मिलिग्रॅम रोज सतत ड्रिपमधून दिलं, तेव्हा डेक्सामेथासोन चालू असूनही मेरुद्रवात सरासरी 7 मिलिग्रॅम मिळाल्याची मोजमापं आहेत. रक्तातली पातळी मोजून, किडनीवर लक्ष ठेवून हे करायचं. जंतू सेफ्ट्रिॲक्सोनलाही रेझिस्टंट निघाला तर रिफॅम्पिसिन जोडता येतं, एकटं मात्र कधीही नाही. आणि अशा पेशंटचं पाणी 48 तासांनी पुन्हा काढून पाहायला मी मागेपुढे पाहत नाही. व्हॅन्कोमायसिन एकट्याच्या भरवशावर मात्र न्यूमोकॉकल मेनिंजायटिस सोडू नका.

मेरोपेनेमबद्दल एक गोष्ट तक्त्यात सापडत नाही. मेनिंजायटिसच्या पेशंटला झटके येतात, त्यासाठी व्हॅल्प्रोएट सुरू होतं. मेरोपेनेम सुरू केल्यावर व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी एक-दोन दिवसांत कोसळते आणि झटके परत येतात. डोस वाढवून ती सावरत नाही. झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटॅम या दुसऱ्या औषधावर न्या. इमिपेनेम मेनिंजायटिसमध्ये टाळतात तेही झटक्यांसाठीच. आणि पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम वॉर्डात हाताशी असतं म्हणून इथे वापरायचा मोह टाळा, टॅझोबॅक्टम मेरुद्रवात पुरेसं जात नाही.

उरला प्रश्न फ्लेमिंग यांनी केलं ते आज करायचं का, म्हणजे औषध थेट मेरुद्रवात द्यायचं का. नेहमीच्या मेनिंजायटिसमध्ये नाही. 1980 मधला एक अभ्यास इथे प्रत्येकाने वाचावा असा आहे. ग्रॅम-निगेटिव्ह मेनिंजायटिस असलेल्या नवजात बाळांना मेंदूच्या पोकळीत जेंटामायसिन दिलं गेलं. पातळी भरपूर मिळाली, पण त्या गटातली 43 टक्के बाळं दगावली, नुसतं शिरेतून औषध मिळालेल्यांत 13 टक्के. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा संसर्ग, शंट किंवा बाहेरचा ड्रेन, आणि जंतू असा की कोलिस्टिन किंवा जेंटामायसिनशिवाय काही चालत नाही, तेव्हा मात्र शिरेतून दिलेलं औषध पोचत नाही आणि थेट द्यावं लागतं. ते न्यूरोसर्जनबरोबर, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं औषध घेऊन. पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन थेट आत देऊ नका, झटके येतात.

किती दिवस, हे जंतू ठरवतो. मेनिंगोकॉकसला 5 ते 7 दिवस पुरतात, हिमोफिलसला 7 ते 10, न्यूमोकॉकसला 10 ते 14, लिस्टेरिया आणि ग्रॅम-निगेटिव्हला किमान 3 आठवडे. या काळात सहाव्या-सातव्या दिवशी ताप परत आला की नातेवाईक म्हणतात, औषध बदला, अजून भारी द्या. आणि मग 'जास्त उतरणाऱ्या' औषधाचा शोध सुरू होतो. जंतू संवेदनशील आहे, डोस पूर्ण आहे, तर औषधाला हात लावण्याआधी पेशंट पुन्हा डोक्यापासून तपासा. सलाइनची शीर सुजली आहे का पाहा. कान आणि सायनस पाहा. स्कॅन करून मेंदूवर पू किंवा पाणी साचलंय का पाहा. सगळं ठीक असेल तर औषधाचाच ताप असू शकतो, आणि डेक्सामेथासोन चौथ्या दिवशी बंद केल्यावर एखादा दिवस ताप डोकावतो हेही लक्षात असू द्या.